तळापर्यंत चमचा

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आमच्या लॅबमध्ये उच्चारायला बंदी होती. तशी कुणी लेखी घातलेली नव्हती. पण माझ्या आधीच्या एका डॉक्टरनं ती रणपिसे मॅडमसमोर वापरली, आणि त्याचं आडनाव भोसले असूनही मॅडमनी त्याला पुढचा आठवडाभर ‘अहो शितोळे’ अशी हाक मारली. त्यानंतर कुणी प्रयोग केला नाही.

डॉ. शकुंतला रणपिसे आमच्या विभागप्रमुख. विभाग पॅथॉलॉजीचा. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी वरच्या थिएटरमधून खाली तळघरात आमच्याकडे येतात. आम्ही त्या चिरतो, तुकडे मेणात बसवतो, कागदाहून पातळ काप काढून काचेवर रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून हे काय आहे ते सांगतो. वरचे डॉक्टर तेच रुग्णाला गंभीर चेहऱ्यानं सांगतात आणि रुग्ण त्यांच्या पाया पडतो. आम्हाला रुग्ण दिसत नाही आणि रुग्णाला आम्ही दिसत नाही. मॅडमना ही व्यवस्था फार पसंत होती. ‘दोघांचंही त्यात भलं आहे,’ असं त्या म्हणत.

मॅडम उंचीनं कमी. खुर्चीवर दोन उश्या घेऊन बसत, चपला खाली काढून ठेवत आणि स्लाइड बघताना गुणगुणत. गाणं कोणतं ते कधी कळलं नाही, कारण सगळी गाणी त्या एकाच चालीत म्हणत. त्या गुणगुणण्यावर आमचा दिवस चाले. ते चालू असेल तोवर सगळं ठीक. थांबलं की तंत्रज्ञ, शिपाई, मी, सगळे हातातलं काम ठेवून त्यांच्या दाराकडे बघायचो. मॅडमना काहीतरी दिसलेलं असे आणि आता कुणाची तरी हजेरी घेतली जाणार असे. ते ‘कुणाची तरी’ बहुतेक वेळा माझ्यावर येई.

स्लाइड त्या मधून बघायला सुरुवात करत नसत, कडेपासून करत. ‘मध्ये सगळे शहाण्यासारखे बसतात,’ त्या मला म्हणत. ‘लग्नघरची खरी बातमी मांडवाच्या कोपऱ्यात बसलेल्या आत्याकडे असते, काळभोर. तिला आधी भेटायचं.’

पुण्यात असूनही त्यांच्या दारावर एकही पाटी नव्हती. पाटी लावणारा माणूस तोंडानं बोलायला घाबरतो, हे त्यांचं मत. त्या घाबरत नसत. रिपोर्ट कधी मिळेल असं फोनवर विचारणाऱ्या सर्जनना त्या विचारत, ‘आपल्याला बरोबर हवाय की आज?’ आणि समोरून उत्तर यायच्या आत फोन ठेवत.

त्या वाढल्या दापोडीला. वडील टपाल खात्यात कारकून. घरात बुद्धवंदना आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख या दोन्ही गोष्टी रोज मोठ्यानं म्हटल्या जात, आणि उच्चार चुकला तर वडील परत पहिल्या ओळीपासून म्हणायला लावत. पुढे कॉलेजात आणि नोकरीतही पेठेतली माणसं आधी त्यांचं आडनाव ऐकत, मग बोलणं ऐकत आणि कौतुकानं म्हणत, ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो.’ मॅडमही तितक्याच कौतुकानं म्हणत, ‘आपलंही बरं आहे. सराव ठेवा.’ पुढे त्यांनी घर घेतलं तेही नारायण पेठेतच. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ‘टोमणा मारायला लांब जावं लागत नाही.’

लॅबमध्ये नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येकाची पहिल्या दिवशी परीक्षा होई. ती मीही दिली. दुपारी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, समोर स्टीलचा उभा डबा ठेवला, त्यातली एक चमचा खिचडी माझ्या हातावर घातली आणि म्हणाल्या, ‘काय काय आहे सांगा.’

मी लोणी काळभोरचा. आमच्याकडे खाण्याची परीक्षा म्हणजे सोपा पेपर. मी आत्मविश्वासानं म्हणालो, ‘तांदूळ, मूगडाळ, हळद, मिरी, तूप.’

‘सही कराल?’

‘करतो की.’

मॅडमनी चमचा डब्याच्या तळापर्यंत घातला आणि शेवग्याची एक बोटभर शेंग वर काढली. ती माझ्यासमोर धरून म्हणाल्या, ‘ही कुणाची?’ मग ती शेंग शांतपणे चोखून खाल्ली आणि मला कामाला पाठवलं. तेवढंच माझं प्रशिक्षण. पुढच्या काळात पुस्तकं पुष्कळ वाचली, परिषदांना गेलो, पण कुठल्याही रिपोर्टवर सही करायला पेन उचललं की मला अजून ती शेंग दिसते.

शेंग हा काही गमतीचा भाग नव्हता, हे मला नाना आठवल्यांच्या वेळी कळलं.

नाना म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक. राहणार नारायण पेठ. वय सत्तरीच्या पुढे, तब्येत काटक आणि जीभ मॅडमच्या तोडीस तोड. त्यांच्या मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ निघाली. दुर्बिणीतून घेतलेल्या बारीक तुकड्याचा रिपोर्ट बाहेरच्या एका लॅबनं दिला होता: आतड्याचा नेहमीचा, ग्रंथींपासून होणारा कर्करोग. आमच्याकडच्या डॉ. परांजप्यांनी ऑपरेशन करून तो भाग काढला आणि आमच्याकडे पाठवला. मी रिवाजाप्रमाणे तुकडे घेतले. स्लाइडवर ग्रंथीच ग्रंथी, अगदी पुस्तकातलं चित्र. परांजप्यांनी केमोथेरपीचा दिवसही ठरवून टाकला होता. आमची सही तेवढी बाकी होती.

मॅडम गुणगुणत स्लाइड बघायला लागल्या. एका स्लाइडच्या कडेशी आल्या आणि गुणगुणणं थांबलं.

मी आपण होऊनच आत गेलो. त्यांनी मला दोन माणसांनी एकदम बघायच्या त्या सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. काचेच्या अगदी काठावर बारीक, गडद पेशींचा एक पुंजका होता. ग्रंथी बिंथी काही नाही, नुसती दाटीवाटी.

‘हे कोण?’ मॅडम म्हणाल्या.

‘त्याच गाठीतल्या जरा बिघडलेल्या पेशी असतील.’

‘असतील. किंवा दुसऱ्याच घरच्या असतील. आता ही गाठीजवळची लसिकाग्रंथी बघा.’ त्यांनी दुसरी काच सरकवली. कर्करोग पसरायला निघाला की सहसा आधी या लसिकाग्रंथीत पोचतो, आणि तिथे पोचलेल्या पेशी सगळ्या त्या बारीक, गडद जातीच्याच होत्या. नेहमीच्या जातीची एकही नव्हती. ‘घरात दोघं राहतात, काळभोर. गावाला एकटाच निघालाय. आणि तुम्ही रिपोर्ट लिहिणार तो घरी बसलेल्याचा.’

आतड्यात क्वचित अशा मिश्र गाठी होतात. अर्धी गाठ ग्रंथींच्या जातीची, अर्धी संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या जातीची, तिला न्यूरोएंडोक्राइन म्हणतात. दोन्ही एकमेकींना चिकटून वाढतात. दुर्बिणीतून चिमटा ज्या कोपऱ्यात पडेल तेवढंच दिसतं, म्हणून एकच जात हाती लागते आणि दुसरी सुटते. ही दुसरी जास्त द्वाड असेल तर पळते ती, आणि तिचं औषध वेगळं. चुकीची केमो सुरू झाली असती तर नानांनी त्रास पुरेपूर सोसला असता आणि पळालेली मोकळीच राहिली असती.

मॅडम स्वतः हातमोजे चढवून फॉर्मालिनच्या बादलीपाशी उभ्या राहिल्या आणि नानांच्या गाठीचे आणखी तुकडे घेतले, अगदी खालच्या थरापर्यंत. पण नुसत्या दिसण्यावर सही होत नाही. त्या गडद पेशी खरोखरच दुसऱ्या जातीच्या आहेत हे सिद्ध करायला एक खास रंगचाचणी लागते, त्यात त्या तपकिरी होतात. नेमकं तिचं द्रव्य आमच्याकडे संपलेलं होतं आणि मुंबईहून यायचं होतं. मॅडमनी रिपोर्ट अडवला.

परांजपे हे आमच्याकडचे मोठे सर्जन. हात सोन्याचे, धीर पत्र्याचा. बुधवारी सगळे डॉक्टर एकत्र बसून कर्करोगाच्या रुग्णांबद्दल ठरवतात, त्या बैठकीत ते भर सभेत म्हणाले, ‘मॅडम, बाहेरच्या रिपोर्टमध्ये तेच आलंय, तुमच्या पहिल्या स्लाइड्समध्येही तेच. पेशंट खोळंबलाय. शेवटी शितावरून भाताची परीक्षा...’

खोलीत माझ्यासारखे जे जे खालून आले होते, त्यांनी माना खाली घातल्या.

‘परांजपे,’ मॅडम म्हणाल्या, ‘शितावरून भाताची परीक्षा होते. खिचडीची होत नाही.’

‘पण दुसरा घटक किती आहे? पुस्तकात तीस टक्क्यांची अट आहे. त्याच्या खाली असेल तर मिश्र म्हणताच येत नाही.’

‘ती रेघ माणसांनी आखलीय. नाव काय द्यायचं ते तिच्यावरून ठरवू. पण लसिकाग्रंथीपर्यंत जो पोचलाय त्याला रेघ दाखवून थांबवता येत असेल तर आपण दाखवा, मी बघायला येते.’

परांजप्यांनी नानांना सांगितलं की उशीर खालून होतोय. मग व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी नाना स्वतः जिना उतरून तळघरात आले, मागून त्यांना आवरायला सिंधूवहिनी. ऑपरेशनला फार दिवस झाले नव्हते, एक हात पोटावर धरलेला. पण आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

‘रणपिसे कोण?’

‘मीच. बसा.’

‘बसायला आलेलो नाही. माझा पेपर तुमच्याकडे तपासायला आहे म्हणे. मी चाळीस वर्षं पेपर तपासले, इतका वेळ कधी लावला नाही.’

‘आपल्याकडे उत्तरं मुलं लिहीत होती. इथे ती आपणच शोधावी लागतात.’

नाना चष्म्यातून त्यांच्याकडे बघत म्हणाले, ‘मराठी अगदी शुद्ध आहे हो तुमचं.’

मी डोळे मिटून घेतले.

‘आपलंही बरं आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘सराव ठेवा.’

वहिनींना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि नाना, ज्यांना बहुधा बऱ्याच वर्षांत कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं, ते खुर्ची ओढून बसले.

मॅडमनी टेबलाच्या खणातून डबा काढला. नाना म्हणाले, ‘खिचडी? अहो, ऑपरेशन झाल्यापासून दुसरं काही मिळालेलं नाही मला.’

‘मग आपण तज्ज्ञच. एक चमचा घ्या आणि काय काय आहे सांगा.’

नानांच्या पिढीतला आणि नानांच्या गल्लीतला प्रत्येक जण तो चमचा घेईलच असं नव्हतं, आणि हे मॅडमना चांगलं माहीत होतं. त्या डबा पुढे धरून थांबल्या. नानांनी चमचा घेतला, खिचडी खाल्ली, तोंडात घोळवली. ‘तांदूळ, मूग. मीठ बेताचं.’ मॅडमनी तळातून सुरणाची फोड वर काढली. नानांनी फोडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. गणिताचे मास्तर. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

‘म्हणजे आत दोघं आहेत.’

‘मला तसं वाटतं. नक्की झाल्याशिवाय लिहिणार नाही.’

‘आणि भाडेपावती एकाच्याच नावावर. म्हणजे दुसरा पोटभाडेकरू.’ नाना उठले. ‘त्यांना घालवणं किती कठीण ते आम्हा पेठेतल्यांना विचारा. तुम्ही सावकाश तपासा, बाई. अर्धवट तपासलेला पेपर मला चालत नाही.’ जिना चढून ते थेट परांजप्यांकडे गेले आणि आपल्या रिपोर्टची घाई करायची नाही अशी त्यांनाच तंबी देऊन आले. जाताना सुरणाच्या फोडीसकट डबाही घेऊन गेले, राहिलेली खिचडी संपवायला.

द्रव्य आलं, चाचणी झाली. गडद पेशी तपकिरी झाल्या, आणि रेघेच्या चांगल्याच वर होत्या. केमोचं औषध बदललं. परांजपे खाली येऊन मॅडमना म्हणाले, ‘वाचवलंत.’ मॅडम म्हणाल्या, ‘कुणाला, ते स्पष्ट करा.’

इथे गोष्ट संपली असती. पण डबा नानांकडे होता, आणि आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. पुढच्या तपासणीला नाना आले ते आधी तळघरात. डबा टेबलावर ठेवला. वहिनींच्या हातची खिचडी. ‘ओळखा.’

मॅडमनी तळापर्यंत चमचा घातला आणि लसणाची एक सोललेली पाकळी काढली. पुढच्या वेळी त्यांनी त्याच डब्यातून खिचडी पाठवली, ती नानांनी ओळखायची. असा तो डबा केमोच्या फेऱ्यांमधून, तपासण्यांमधून, नंतर नुसताच नारायण पेठेतल्या दोन घरांमधून फिरत राहिला. बुद्धपौर्णिमेला त्यातून खीर जाई, तेव्हा परीक्षेला सुट्टी. एकदा नानांनी खिचडीत एकच मेथीदाणा टाकला होता. मॅडमनी अख्खा डबा खाऊन तो शोधला आणि कागदावर ठेवून, पुडी करून परत पाठवला. नानांचा निरोप आला, ‘उत्तर बरोबर. वेळ जास्त घेतला. एक गुण वजा.’ मॅडम तो निरोप येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवत होत्या. परांजप्यांनाही ऐकवला. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

या जातीच्या गाठी सहसा सोडत नाहीत. नानांना पुष्कळ चांगले दिवस मिळाले, डॉक्टरांनी धरले होते त्याहून बरेच जास्त, आणि त्यातला प्रत्येक दिवस त्यांनी कुणाशी ना कुणाशी वाद घालून सत्कारणी लावला. मग यकृतात ती परत उगवली. तिथला बारीक तुकडा आमच्याकडेच आला. मॅडमनी स्लाइड लावली, गुणगुणल्याच नाहीत. बघून झाल्यावर म्हणाल्या, ‘पोटभाडेकरूच आहे,’ आणि सही केली. त्या दिवशी लॅबमध्ये कुणाला बोलणी बसली नाहीत. सगळ्यांना ते फार जड गेलं.

मॅडम आता निवृत्त आहेत. हे त्यांच्या वाचनात आलं तर शुद्धलेखनाच्या चुका काढून मला परत पाठवतील याची खात्री आहे. निरोप समारंभात त्या ‘चहा गार होतोय’ एवढंच बोलल्या. त्यामुळे तो माझ्या लक्षात नाही. मला त्या दिसतात त्या त्याच्या थोड्या आधीच्या एका दुपारी.

नानांना जाऊन महिना झाला असेल. सिंधूवहिनी एकट्या जिना उतरून आल्या. हातात तो डबा. टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘डबा बाईंचा आहे, रिकामा द्यायचा नाही, असं बजावून गेलेत. आणि तुम्हाला म्हणायला सांगितलंय, ओळखा.’

मॅडमनी चपला काढल्या, पाय वर घेतले, चमचा घेतला. एक घास, दुसरा घास. हळूहळू गुणगुणायला लागल्या, तीच ती एक चाल. चमचा कडेकडेनं फिरवला. प्रत्येक घास जिभेवर थांबवून पाहत होत्या. तळ दिसायला लागला. तळ खरवडला. काही नव्हतं. डबा तिरका करून उजेडात धरला, आत बघितलं आणि गुणगुणणं थांबलं.

‘वहिनी, यात काय घातलंय?’

‘काही नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘काहीच घालू नकोस, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी. म्हणाले, बाई शोधत बसतील.’

मॅडम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला, आणि मग बराच वेळ तो परत लावला नाही. वहिनी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि निघवत नव्हतं.

‘लिहून घ्या, काळभोर,’ शेवटी मॅडम म्हणाल्या. ‘साधी खिचडी. दुसरं काही आढळलं नाही.’

मी मान हलवली.

‘तळापर्यंत बघितली, असंही लिहा.’